किल्ली कुणाच्या खिशात?

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की, प्रत्येक घरात एक जुनी ट्रंक निघतेच. धरमपेठेतल्या आमच्या घरातही ती आहे. तिच्यात आमच्या लग्नातले, म्हणजे १९७९ सालचे बारा कृष्णधवल फोटो आहेत, वडिलांची पोस्टाची पासबुके आहेत आणि एका डब्यात लेकीचे पहिले जावळ आहे. ट्रंकेला कुलूप आहे. त्याची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. इतक्या वर्षांत ती ट्रंक उघडताना, "तुम्ही म्हणजे तुम्हीच कशावरून?" असे मला कुणी विचारलेले नाही.

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो २०२४ च्या मे महिन्यात, आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवायची आहे. ती माझ्या एकट्याची असती, तर मी लेखणी उचलली नसती. परंतु ज्याच्या ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्या प्रत्येकावर हा प्रसंग आज ना उद्या येऊ शकतो.

माझी पत्नी २०२३ च्या श्रावणात गेली. शेवटची चार-पाच वर्षे संधिवाताने तिची बोटे वाकली होती, लिहिणे होत नसे. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून उभा करायचा आणि लेकीसाठी पाककृती बोलत बोलत करून दाखवायची. अनारसे, पाटवडी, गोळाभात, उन्हाळ्यातले सांडगे. चित्रात तिचा चेहरा क्वचितच येई, नुसते हात आणि आवाज. मधूनच लेकीच्या लग्नात कुणी काय आहेर केला होता याचीही टिपणे असत. असे किती चित्रफितींचे तुकडे झाले होते, ते मी कधी मोजले नाहीत. मोजायचे ते आपल्यापाशी आहेच, अशी माझी समजूत!

ते आपल्यापाशी नव्हते. मोबाइल घेतला तेव्हा बर्डीवरच्या दुकानदाराने दहा मिनिटांत तिचे खाते उघडून दिले होते. पासवर्ड काय ठेवला, हे ना तिला ठाऊक, ना मला. पुढे मोबाइलने केव्हातरी विचारले असणार, 'जागा कमी पडते आहे, मोकळी करू का?' आणि तिने 'हो' म्हटले असणार. त्या क्षणापासून ती सारी चित्रे घरातून उठून कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या कोठारात राहायला गेली. मोबाइलमध्ये दिसत होत्या त्या त्यांच्या नुसत्या सावल्या.

ती गेल्यावर मी तिच्या नंबराचे रिचार्ज बंद केले. माणूसच नाही, तर नंबर कशाला जिवंत ठेवायचा, असा हिशेबी विचार केला. महालेखापालांच्या कार्यालयात छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, त्या सवयीने हे दोनशे रुपयेही वाचवले. आयुष्यातली ती माझी सर्वांत महाग बचत ठरली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या मोबाइलची बॅटरी फुगली. दुरुस्तीला दिला, तो बॅटरी बदलून परत आला. पण आतले सगळे पुसले गेले होते. "खात्यात पुन्हा शिरा, सगळं परत येतं," असे दुरुस्तीवाल्याने सांगितले. मी शिरू गेलो. यंत्र म्हणाले, तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे.

नंबर! आपल्याकडे असा नियम आहे की, नव्वद दिवस नंबर वापरला नाही, तर तो बंद करता येतो, आणि बंद झाल्यावर आणखी किमान नव्वद दिवस थांबून तो दुसऱ्याला देता येतो. मी तो नंबर फिरवला. एका तरुणाने उचलला.

"कौन बोल रहे हैं, अंकलजी?"

त्याला मी सारे सांगितले. तो बिचारा रायपूरचा होता. तीन आठवड्यांपूर्वीच हा नंबर त्याला मिळाला होता. त्याने सगळे ऐकून घेतले. मग मी म्हटले, "बेटा, आता तुझ्याकडे सहा आकडे आले असतील, ते तेवढे वाचून दाखव." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो नम्रपणे म्हणाला, "अंकलजी, माफ कीजिए, ओटीपी किसी को बताना मना है." आणि त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी त्याने माझा नंबरच अडवून टाकला.

मी चिडून भलभलत्या पासवर्डांचे प्रयोग करत बसलो. संध्याकाळपर्यंत खात्याने माझ्या तोंडावर दार लावून घेतले. कंपनीला पत्रे लिहिली. उत्तरे आली, पण ती माणसाची नव्हती. मृत्यूचा दाखला पाठवला, लग्नाचा पाठवला. शेवटचे उत्तर असे आले की, खातेदाराच्या खासगीपणाचे रक्षण करणे हे आमचे कर्तव्य आहे.

माझा भाचा मिहानमध्ये नोकरीला आहे. त्याच्यापुढे मी कंपनीला यथेच्छ शिव्या मोजत होतो. तो ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "मामाजी, तुम्ही काहून त्या पोराला आणि कंपनीला शिव्या देऊन राहिले? उद्या कोणी परका माणूस म्हणाला, मी यांचा नवरा, उघडा खातं, तर उघडून द्यायचं का?"

मला उत्तर सुचले नाही. तो पुढे म्हणाला, "आणि किल्ली त्या पोराच्या हातात होती. आकडे त्याच्याकडेच आले. त्याच्या मनात आलं असतं, तर तोच मामीच्या खात्यात शिरला असता."

हे ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरातल्या आहेराच्या याद्या, लेकीचे फोटो, बँकेची पत्रे, सारे एका अनोळखी मुलाच्या सज्जनपणावर टांगलेले होते. मी त्याला शिव्या देत होतो, आणि त्या सबंध प्रकरणात नीट वागलेला एकटा तोच होता.

खासगीपणा हा शब्द आपल्याकडे पूर्वी श्रीमंतांचा समजला जाई. दोन खोल्यांत आठ माणसे राहिली, तिथे कसला खासगीपणा! पण कायद्यात त्याची लढाई जुनी आहे. खडकसिंगच्या खटल्यात, १९६२ साली, पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे म्हणायला बहुमत तयार झाले नाही. ते व्हायला पंचावन्न वर्षे जावी लागली. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने निर्णय दिला की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या नवांमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे सांगताना नागपूरकराला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. याच शहराच्या खंडपीठात त्यांनी वकिली केली आणि पुढे २०१९ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

या निकालानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात माझ्यासारख्याच्या कामाचे एक कलम आहे: आपल्या पश्चात आपल्या माहितीविषयीचे हक्क कुणी वापरावेत, यासाठी माणसाला वारस नेमता येतो. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो ना, तसाच. कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि नागरिकांच्या हक्कांची कलमे त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची ठेवली गेली. आमच्या घरच्या प्रकरणाला ते सारे उशिराचे होते.

भाच्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत अॅमेझॉन कंपनीने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. त्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी होती! तात्पर्य असे की, दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेली वस्तू आपली असते ती कोठारवाल्याची मर्जी असेपर्यंत.

"मग आपलं कोठार आपण बांधायचं," भाचा म्हणाला.

वाचकहो, 'सर्व्हर' या शब्दाला मी फार भ्यायलो होतो. प्रत्यक्षात तो आमच्या घरचा आठ वर्षांचा, लेकीने टाकून दिलेला लॅपटॉप निघाला. भाच्याने त्यावर डेबियन नावाची, लिनक्स जातीची फुकट प्रणाली बसवली. जगभरच्या स्वयंसेवकांनी १९९३ पासून ती चालवत ठेवली आहे. तिच्यावर फोटोंसाठी इमिच आणि कागदपत्रे व पत्ते यांसाठी नेक्स्टक्लाउड, असे दोन कार्यक्रम चढवले. बाहेरून एक डिस्क जोडली. आता माझ्या मोबाइलने फोटो काढला की, त्याची प्रत दिवाणखान्यातल्या कपाटावर जाऊन बसते. जुन्या लॅपटॉपचा एक फायदा असा की, वीज गेली तरी त्याची स्वतःची बॅटरी त्याला तगवते. खर्च म्हणाल, तर पंधरा वॅट धरले तरी महिन्याला अकरा युनिटांच्या आत.

पण हे सगळे सुखासुखी झाले असे मी म्हणणार नाही. घरातला सर्व्हर बाहेरून दिसेना. आपल्याकडे पुष्कळदा इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरचा टपालवाला आपले घर शोधू शकत नाही. मग वायरगार्ड नावाच्या कार्यक्रमाने एक खासगी भुयार काढावे लागले. एकदा सूचना न वाचता मी नवी आवृत्ती चढवली आणि तीन दिवस सगळे ठप्प झाले. दोष माझाच. आणि नागपूरचा उन्हाळा तर कुणाचीच गय करीत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी डिस्क टकटक आवाज करू लागली आणि संध्याकाळी ती मेली.

या वेळी मात्र मी रडलो नाही, कारण दुसरी प्रत अमरावतीला होती.

अमरावतीचे कारण निराळे आहे. माझी मेहुणी तिथे राहते. सारे मार्ग खुंटल्यावर तिने एक दिवस फोन केला, "भाऊजी, ताई मला कधी कधी पाठवायची. माझ्या मोबाइलात शोधू का?" शोधल्यावर अकरा निघाले. शेकड्यांतले अकरा! अनारशांचा त्यात आहे. त्यात मधेच ती म्हणते, "अहो, तो कूलर बंद करा जरा, माझा आवाज येत नाही." आणि मागे कूलर बंद झाल्याचा आवाज येतो. तो बंद करणारा मी. बाकीचे सारे गेले ते गेलेच.

कंपनीच्या कोठाराने जे मला दिले नाही, ते बहिणीच्या मोबाइलने दिले. तेव्हापासून आमचा नियम असा: प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या वस्तूंवर, आणि एक प्रत घराबाहेर. कार्यालयात आम्ही व्हाउचराची दुसरी प्रत दुसऱ्या कपाटात ठेवत होतो, ते काय वेगळे होते?

सर्वांनी घरी सर्व्हर मांडावा, असे मी सांगणार नाही. त्याला हौस लागते, आणि एखादा भाचा. परंतु इतके तरी कराच. घरातल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. कुणी गेले, तर त्याचा नंबर बंद करण्याआधी त्यावर कोणकोणती खाती टांगलेली आहेत ती पाहून सोडवून घ्या. गूगलच्या खात्यात, ते दीर्घकाळ बंद राहिल्यास माहिती कुणाला द्यावी, हे २०१३ पासून नमूद करता येते. अॅपलने तशी सोय २०२१ मध्ये केली. दहा मिनिटांचे काम आहे. आणि वर्षातून एकदा ठेवलेली प्रत खरोखर उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेला हिशेब.

आमच्याकडे त्यासाठी लक्ष्मीपूजनाचा दिवस ठरला आहे. इतवारीत व्यापारी वह्यांची पूजा करतात, त्या सुमारास मी अमरावतीहून आणलेली डिस्क जोडतो आणि अनारशांची चित्रफीत लावतो. ट्रंकेत आता एक पाकीट आहे. त्यात सगळे पासवर्ड आहेत आणि सर्व्हर कसा बंद-चालू करावा याचे दोन पाने टिपण आहे. ट्रंकेची किल्ली कुठे असते, ते लेकीला गेल्या दिवाळीत दाखवून ठेवले. या दिवाळीत तिने एकदा ते टिपण वाचून, मला न विचारता, सर्व्हर चालू करून दाखवायचा आहे. अनारशांचे पीठ तिने भिजवले आहे.