वरणाच्या पाण्याने बाळ भरत नाही

‘‘डॉक्टर, सगळं खातो, पण अंगी लागत नाही,’’ आठ-नऊ महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आजींची ही तक्रार. काय देता, असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: वरणाचे पाणी, भाताची पेज, फार तर दुधात बुडवलेले बिस्कीट.

वरणाचे पाणी पचायला हलके, हे खरे. पण त्यात पचवण्यासारखे असते काय? डाळ खाली भांड्यातच राहते. बाळाचे पोट लहान. ते पाण्याने भरले की भूक मरते आणि वजन जिथल्या तिथे राहते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. (पूर्वी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला असे, २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना सहा महिने सांगते.) त्यानंतर मात्र नुसते दूध पुरत नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो. दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावेच, पण सोबत अन्न हवे.

उष्टावण झाले की घरातलाच मऊ भात व घट्ट वरण कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल घालून द्यावे. तुपाने कफ होतो ही समजूत सोडून द्या. चमचा तिरका केल्यावर घास झटकन ओघळू नये, इतका घट्टपणा हवा. मिक्सरमधून काढू नये. चावायला कधी शिकणार? नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळावी. मोडांमुळे खीर फार दाटत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावते. केळे, भोपळा, पालक, खात असाल तर पूर्ण उकडलेले अंडेही चालते.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. नववा महिना लागला की तीन-चार वेळा, अर्धी वाटी. बाटली नको, वाटी-चमचा बरा. वर्षापर्यंत मीठ-साखर टाळावी. मध तर चाटवूच नये. त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा गंभीर आजार क्वचित होतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे श्वासनलिकेत अडकतात.

अंगणवाडीत दरमहा वजन करून घ्या. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, तर टॉनिक विकत आणण्याआधी बाळाला दाखवायला आणा आणि दिवसभरात काय-काय भरवले ते कागदावर लिहून आणा.