अतिनील प्रकाश आणि धातुसंकुलातील लिगँडचे भवितव्य

धातुसंकुलावर अतिनील किरण पडले की धातू व लिगँड यांमधील बंध तुटतो आणि लिगँड जसाच्या तसा सुटा होतो, अशी समजूत पदव्युत्तर वर्गांतही आढळते. काही संकुलांबाबत ती योग्यच आहे. हेक्झासायनोकोबाल्टेट आयनाच्या द्रावणावर ३१३ नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यास एक सायनाइड बाहेर पडतो व त्याची जागा पाण्याचा रेणू घेतो. सायनाइडला इजा होत नाही. सेंद्रिय लिगँड मात्र इतके सुदैवी असतीलच असे नाही.

पोटॅशियम फेरिऑक्झलेट हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तयार केले जाणारे हिरवे स्फटिकमय संयुग याचे उत्तम उदाहरण होय. त्याने अतिनील अथवा निळा प्रकाश शोषला की ऑक्झलेटवरील एक इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो. फेरिक लोहाचे फेरसमध्ये क्षपण होते आणि इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्झलेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. या विघटनात तयार होणारा क्षपणकारी मूलक पुढे दुसऱ्या फेरिक संकुलाला इलेक्ट्रॉन देतो. त्यासाठी नव्या फोटॉनची गरज नसते. म्हणूनच ३६६ नॅनोमीटरला शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे सरासरी सुमारे १.२ फेरस आयन मिळतात. एकाहून मोठा हा आकडा पाहून विद्यार्थी प्रयोगच चुकला असे मानतात. वस्तुतः अभिक्रियेची यंत्रणा त्याच आकड्यात दडलेली आहे. हॅचर्ड व पार्कर यांनी १९५६ मध्ये याच अभिक्रियेला प्रकाशमापनाच्या प्रमाणित पद्धतीचे रूप दिले. तीत फेरस आयनांचे फेनँथ्रोलिनबरोबर नारिंगी-लाल संकुल बनवून ५१० नॅनोमीटरला मापन करतात.

ईडीटीएच्या बाबतीत हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर येतो. सांडपाण्यातून नद्यांत जाणारा हा लिगँड जीवाणूंकडून सहजासहजी विघटित होत नाही. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे २९० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे किरण जवळजवळ नसतात, आणि त्यापुढील किरण मुक्त ईडीटीए फारसे शोषत नाही. जस्त वा कॅल्शियमशी जोडला गेला तरी स्थिती तीच. फेरिक लोहाशी जोडला गेल्यावर मात्र तो सूर्यप्रकाशात विघटित होतो व कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. स्वित्झर्लंडमधील ग्लॅट नदीविषयीच्या १९९५ मधील अभ्यासात ईडीटीएच्या ऱ्हासाची मांडणी याच अभिक्रियेच्या आधारे केली होती. म्हणजे पाण्यातील एकूण ईडीटीए मोजणे पुरेसे नाही. तो कोणत्या धातूने धरून ठेवला आहे, हेही पाहावे लागते.

नदीला उपकारक असणारी ही अभिक्रिया वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात अपायकारक ठरते. तेथील पोषक माध्यमात लोह बहुधा ईडीटीए-संकुलाच्या रूपात दिलेले असते. प्रकाशात ठेवलेल्या माध्यमात फॉर्माल्डिहाइड साचून मुळांची वाढ खुंटते, हे १९९१ मध्ये दाखवून देण्यात आले. निळा व अतिनील प्रकाश अडवणारी पिवळी गाळणी वापरल्यास हा दोष टळतो. रसायनशास्त्र विभागात फेरिऑक्झलेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवले जाते. वनस्पतिशास्त्र विभागातील लोह-ईडीटीएच्या बाटलीलाही तोच न्याय लागू आहे.