डेटा त्यांचा, काम आपलं

रावेतमध्ये घरी बसून मी चाकण-भोसरीच्या छोट्या वर्कशॉपांचं टॅली आणि बिलिंग सांभाळते. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की एनीडेस्क या दूरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन आपल्याकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून एकामागून एक कॉम्प्युटर जोडावे लागतात. त्यातले काही ग्राहक ऑफिसचं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतात आणि त्यांची तक्रार ठरलेली असते : “ताई, तुम्ही जोडलंत की आमचा डेटा उडतो.” ही तक्रार मला रास्त वाटते. पैसे त्यांचे जात असतील तर आकडाही त्यांना कळायला हवा.

फुल एचडी स्क्रीनवर 1920 गुणिले 1080 ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला 3 बाइट धरले तर एका चित्राचे साधारण 6.2 एमबी होतात. रोजचा कोटा संपला की कित्येक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने हे एकच चित्र जसंच्या तसं पाठवायला जवळपास 13 मिनिटं लागतील. म्हणून एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरं चित्र दाबून लहान करतात आणि स्क्रीनचा बदललेला भागच पाठवतात. टॅलीत व्हाउचर भरताना फारसं काही बदलत नाही. पण मोठी एक्सेल शीट भराभर खाली सरकवली किंवा मागे व्हिडिओ चालू राहिला, की आकडा झपाट्याने चढतो. फाइल पाठवली तर ती वेगळीच. त्यामुळे “तासाला इतके एमबी” असं छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

रावेतच्या बंधाऱ्यावरून शहरासाठी पाणी उचलतात. तिथे पंपाचा वेग वेगळा आणि दिवसभरात उचललेलं पाणी वेगळं. नेटचंही तसंच आहे. वेग बिटमध्ये सांगतात, पॅक बाइटमध्ये मिळतो आणि 8 बिटचा 1 बाइट होतो. सरासरी 200 केबीपीएसने तासभर काम चाललं, तर 90 एमबी गेले.

नेमका आकडा काढायला ग्राहकाच्या विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज असं जा. तिथे प्रत्येक ॲपचा खर्च वेगळा दिसतो. जोडण्याआधीचा आणि काम संपल्यावर थोडं थांबून घेतलेला आकडा वहीत लिहा. वजाबाकी करा. चालू कामातला वेग पाहायचा असेल तर रिसोर्स मॉनिटरमधला नेटवर्कचा भाग उघडा. माउस-कीबोर्डच्या हालचालींना नगण्य डेटा लागतो. ग्राहकाकडचा मोठा खर्च स्क्रीन पाठवण्यात, म्हणजे अपलोडमध्ये असतो. पॅकमध्ये मात्र अपलोड-डाउनलोड दोन्ही धरतात.

डेटा युसेजच्या याच यादीत कधी कधी खरा खादाड सापडतो : मागे गुपचूप उतरणारे अपडेट. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवलं की त्यातले बरेचसे थांबतात.

सपोर्ट देणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, एनीडेस्कचा नंबर मागण्याआधी “नेट कुठलं आहे?” एवढं विचारा. हॉटस्पॉट असेल तर चित्राचा दर्जा कमी ठेवा, वॉलपेपर बंद करा आणि काम झाल्यावर खर्च झालेला आकडा ग्राहकाला स्वतःहून सांगा.