दौलतजाद्याचें कुळ

मद्यगृहांत रात्रीं चालणाऱ्या नाचाला आपल्याकडे 'डान्स बार' हें नांव पडलें आहे. सुशिक्षित घरांत हा शब्द निघतांच बोलणें थांबतें. परंतु ज्याची निंदा करावयाची, त्याचें कुळ तरी ठाऊक असावें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गणिकाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. गणिकांना गीत, वाद्य व नृत्य शिकविणाऱ्यांची उपजीविका राजानें चालवावी, असें तेथें सांगितलें आहे. उलट नाट्यशास्त्राच्या अखेरीस, ऋषींची टवाळी केल्यामुळें भरतपुत्रांना शूद्रत्वाचा शाप मिळाल्याची कथा येते. नृत्याचा लोभ आणि नर्तकाचा तिरस्कार ही जोडी अशी प्राचीन आहे.

उत्तर पेशवाईंत लावणी बहरली. सोलापूरचे राम जोशी (१७६२-१८१२) हे ब्राह्मण आणि संस्कृतज्ञ असूनही डफावर गाणारे शाहीर झाले. पुढें संगीतबारींत नाचणाऱ्या स्त्रिया मात्र बहुधा कोल्हाटी वगैरे समाजांतून आल्या. रसिकानें खूष होऊन पैसे देणें, याला तेथें 'दौलतजादा' म्हणतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंतले तमाशाचे तंबू आम्हां खानदेशकरांस परिचितच आहेत.

१९८० नंतर मुंबई व आसपासच्या मद्यगृहांनीं हीच रीत उचलली. ढोलकीच्या जागीं चित्रपटगीतें आलीं. दौलतजादा नोटांच्या वर्षावाच्या रूपानें कायम राहिला. नर्तकींतही बेडिया, नट अशा परंपरेनें नाचावर जगणाऱ्या समाजांतल्या पुष्कळ होत्या.

२००५ सालीं राज्यानें हा नाच बंद केला. पण तीन व त्यांहून अधिक तारांकित हॉटेलांना सूट ठेविली. जें नृत्य गरिबाच्या मद्यगृहांत अनीति, तेंच श्रीमंताच्या हॉटेलांत कला कसें ठरावें? उच्च न्यायालयानें २००६ मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें १६ जुलै २०१३ रोजीं ही बंदी घटनाबाह्य ठरविली. २०१६ च्या नव्या कायद्यांतील अनेक जाचक अटीही जानेवारी २०१९ मध्यें रद्द झाल्या. बक्षिसी देण्यास मोकळीक मिळाली. नोटा उधळण्यास मात्र मनाई राहिली.

दौलतजाद्यांतली दौलत ठेवून उधळपट्टी गाळणारा हा विवेक सुज्ञांस पटेल. परंतु मधल्या वर्षांत ज्यांची चूल विझली, त्या स्त्रियांना निकालानें गेलेले दिवस परत मिळाले नाहींत. बंदी घालण्यापूर्वीं दुसऱ्या उपजीविकेची सोय करावी, हें कौटिल्याच्या वाचकांस तरी सुचावयास हवें होतें.