जुन्या मोटारीत वाऱ्याची वाट मोकळी करताना

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी मात्र आपापल्या पद्मिनी जिवापाड जपल्या आहेत. अशा गाडीत मागाहून बसवलेल्या एसीचा वारा मंदावला, की अनेकजण आधी गॅस भरून घेतात. पण गॅसचा संबंध गारव्याशी. वाऱ्याचा जोर ठरतो तो ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि हवेच्या मार्गावर.

पहिली तपासणी कॉइलची. तिच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ साचली की हवा अडते. हवा कमी झाल्याने कॉइलवर बर्फ जमू लागतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. त्यानंतर वायरिंग. बारीक वायर व गंजलेल्या जोडण्यांमुळे ब्लोअरपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही आणि तो मंद फिरतो. योग्य जाडीची वायर, फ्यूज आणि रिले बसवल्यास मोटर बदलण्याची वेळ अनेकदा टळते. फ्यूज गाळणे मात्र आगीला आमंत्रण देण्यासारखे आहे. अखेरीस डक्टच्या फटी बुजवाव्यात.

१०८९ सीसीच्या इंजिनावर मोठ्या कॉम्प्रेसरचे ओझे लादण्यापूर्वी ही कामे करून पाहावीत. गाडीचे मूळ रूपही त्यामुळे अबाधित राहते.