नितळ पाणी आणि साक्षी प्रकाश

पाणी नितळ असलें म्हणजे तें निर्दोषच असावयाचें, असा आपला जुना समज आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा भागांतील कित्येक विंधणविहिरींनीं तो खोटा ठरविला. त्यांचें पाणी दिसण्यांत स्वच्छ, चवींतही वेगळें नाहीं. परंतु त्यांत फ्लोराइडाचें प्रमाण मर्यादेबाहेर आढळलें. खडकांतील खनिजांतून तें हळूहळू पाण्यांत उतरतें. लिटरास १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास मुलांच्या दांतांवर डाग पडतात. प्रमाण फारच वाढल्यास हाडें व सांधे ताठरतात. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटून तो किंचित् वाढतोच.

मग तो ओळखावा कसा? येथें प्रकाश साह्यास येतो. नोटा पारखण्याच्या विजेरीचा जंबुपार (अतिनील) झोत स्पिरिटांत विरघळविलेल्या हळदीवर टाका, म्हणजे हिरवट-पिवळी झळाळी दिसेल. मात्र झोताकडे डोळे लावूं नयेत. अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश देण्याच्या या गुणास १८५२ सालीं स्टोक्स यांनीं फ्लोरस्पार या खनिजावरून ‘फ्लुओरेसन्स’ हें नांव दिलें. मौज अशी कीं, हें खनिज म्हणजे कॅल्शियमचें फ्लोराइडच होय!

कांहीं रंगांच्या रेणूचा एक भाग भिरभिऱ्याप्रमाणें फिरतो. पातळ द्रवांत तो मोकळा फिरून मिळालेली शक्ति उष्णतेंत दवडतो. ग्लिसरीनसारख्या दाट द्रवांत फिरणें अडतें आणि तोच रंग उजळतो. जिवंत पेशींतील दाटपणाही अशा रंगांनीं अजमावतां येतो.

धातूचा आयन, म्हणजे विद्युद्भारित कण, चिकटल्यानेंही रेणु असाच जखडला जातो. मोरिन हा लाकडांतून निघणारा पिवळा रंग एकटा असतां मंद असतो. ॲल्युमिनियमशीं जडला कीं त्यांतून हिरवा प्रकाश फांकतो. १८६७ सालीं गॉपेल्सरोडर यांनीं ही खूण ॲल्युमिनियम ओळखण्यास योजिली. आतां अशा उजळ मिश्रणांत फ्लोराइडयुक्त पाणी घातलें, तर फ्लोराइड ॲल्युमिनियमला आपल्याकडे ओढतें व उजेड मावळूं लागतो. तो किती घटला यावरून फ्लोराइडाचें प्रमाण काढतां येतें.

तथापि हा साक्षी फसूंही शकतो. पाण्यांत फॉस्फेट असेल, तर तेंही ॲल्युमिनियमला धरतें आणि उजेड विनाकारण घटतो. म्हणून प्रयोगशाळेंत फ्लोराइडाच्या विशिष्ट विद्युदग्रानें पडताळा घेतल्यावांचून विहिरीस दोष देऊं नये. आणि दोष सिद्ध झाल्यावर त्या पाण्यानें कपडे खुशाल धुवावेत, पिण्यासाठीं मात्र घागर दुसरीकडे न्यावी.