एक महिना काटकसरीचा

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. कृपण मनुष्य आवश्यक तेंहि टाळतो. काटकसरी गृहस्थ अनावश्यक तेवढेंच वगळतो. चातुर्मासांत आपण नेम धरतों, त्याचप्रमाणें एक महिना खर्चाचा नेम धरून पाहावा, असें आम्ही सुचवितों.

जपानांत हानी मोतोको या विदुषीनें १९०४ सालीं गृहिणींसाठीं जमाखर्चाची वही प्रसिद्ध केली. रक्कम आधीं ठरवावी, मग खर्च रोज टिपावा, हें तिचें सार. लहान गोष्टींचा हिशेब पाहा: ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजीं ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लाविल्यास ३० दिवसांत साडेसात युनिटांहून अधिक वीज वांचते. भिजविलेली डाळ लवकर शिजते व तेवढें इंधन वांचतें.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावें. सुनेच्या वाट्याचें दूध, मुलांचीं पुस्तकें वा वृद्धांचें औषध यांतून पैसा वांचविणें ही काटकसर नव्हे, तो अन्याय होय. वही घरांतील सर्वांपुढें उघडी असावी, आणि पहिली कात्री कर्त्या पुरुषांनीं स्वतःच्या पान-तंबाखूस लावावी. महिनाअखेर शिल्लक किती उरली, याबरोबरच कोणाच्या पानांत काय उणें पडलें, हेंहि विचारावें.